खूण पुसली गेली की काय होतं? ओरिजेन, सहा रकाने आणि हरवलेली पुस्तकं

दिवाळीत घरी गेले की एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो मावशीने विचारला. "तू एमएस्सी केलीस जैवमाहितीशास्त्रात. डीएनए, प्रथिनं वगैरे. मग पीएचडीत ही जुनी ख्रिस्ती पुस्तकं मध्येच कुठून आली गं?" मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. डीएनएची प्रत निघताना चुका होतात, हस्तलिखिताची प्रत निघतानाही चुका होतात, आणि दोन्हीकडे त्या चुकांवरून वंशावळ काढता येते. मावशीने चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "बरं. पण एखाद्याची पुस्तकंच उरली नसतील, तर तो काय म्हणाला हे कसं कळणार?"

हा प्रश्न तिने सहज विचारला, पण माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यावरच उभं आहे. ताटावर बसून उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख. त्यातला मुख्य माणूस आहे ओरिजेन: तिसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाचा, आद्य चर्चच्या सगळ्यात मोठ्या विचारवंतांपैकी एक. आणि मेल्यावर तीनशे वर्षांनी पाखंडी ठरवला गेलेला.

म्युनिकमधली २९ प्रवचनं

सुरुवात शेवटाकडून करू. २०१२च्या एप्रिलमध्ये म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात मरीना मोलिन प्राडेल या अभ्यासक ग्रीक हस्तलिखितांचा नवा कॅटलॉग तयार करत होत्या. त्यांच्या समोर आलेलं ३१४ क्रमांकाचं हस्तलिखित सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचं. त्यात स्तोत्रसंहितेवरची २९ प्रवचनं होती. वाचताना त्यांना त्यातली काही ओळखीची वाटली. कारण ३६व्या स्तोत्रावरची ओरिजेनची प्रवचनं लॅटिन भाषांतरात आधीपासून उपलब्ध होती, आणि समोरचं ग्रीक त्या लॅटिनशी जुळत होतं. मग त्यांनी दुसरी गोष्ट तपासली. चौथ्या शतकात जेरोमने एका पत्रात ओरिजेनच्या लेखनाची यादी दिलेली आहे. कोणत्या स्तोत्रावर किती प्रवचनं, हे त्या यादीत आहे. हस्तलिखितातला क्रम आणि आकडे त्या यादीशी मोठ्या प्रमाणात जुळले.

म्हणजे शतकानुशतकं ग्रंथालयाच्या फडताळात असलेलं पुस्तक कुणी 'शोधलं' नाही, तर 'ओळखलं'. लोरेंझो पेर्रोने यांनी त्याची संपादित आवृत्ती २०१५मध्ये काढली. ओरिजेनचा आवाज मूळ ग्रीकमध्ये असा सलग ऐकायला मिळणं ही या क्षेत्रात फार दुर्मीळ गोष्ट आहे. का दुर्मीळ, ते कळायला मागे जावं लागेल.

अलेक्झांड्रियातला मुलगा

ओरिजेनचा जन्म इसवी सन १८५च्या सुमाराचा. त्याच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते मुख्यतः युसेबियस या चर्चच्या इतिहासकारामुळे. युसेबियस त्याचा भक्तच होता, त्यामुळे त्याचं सांगणं थोडं मीठ बाजूला काढून खावं. २०२च्या सुमारास रोमन सम्राट सेव्हेरसच्या काळात ओरिजेनचे वडील लिओनिडीस यांना ख्रिस्ती असल्याबद्दल मारण्यात आलं. मुलगा सतरासुद्धा पूर्ण नव्हता. तोही मरायला निघाला, तेव्हा आईने त्याचे कपडे लपवून ठेवले, म्हणून तो घरी राहिला, असं युसेबियस सांगतो. मालमत्ता जप्त झाली. पाठीमागे सहा धाकटी भावंडं. पोरगा व्याकरण शिकवून घर चालवू लागला आणि लवकरच बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना शिकवण्याचं काम त्याच्याकडे आलं.

हे शहर समजून घ्यायला हवं. अलेक्झांड्रियात ग्रीक तत्त्वज्ञान होतं, मोठी यहुदी वस्ती होती, आणि जगभरचा व्यापार होता. ओरिजेनच्या आधीच्या पिढीतला तिथला ख्रिस्ती शिक्षक पँटिनस हा भारतापर्यंत जाऊन आला, असंही युसेबियस लिहितो. तो 'भारत' म्हणजे नेमका कुठला, यावर वाद आहे, पण त्या बंदरातून इकडे जहाजं येत होती हे खरं. पँटिनसचा शिष्य क्लेमेंट तर आपल्या लेखनात बुद्धाचा उल्लेख करतो. असल्या गावात वाढलेल्या माणसाला 'आमच्या पुस्तकात लिहिलंय' एवढं म्हणून वाद जिंकता येत नाही. समोरचा लगेच विचारतो, कुठल्या पुस्तकात? कुठल्या प्रतीत?

ओरिजेनला एक श्रीमंत आश्रयदाता मिळाला, अँब्रोज नावाचा. त्याने सात-एक लघुलेखक दिले. ते आळीपाळीने ओरिजेनचं बोलणं टिपून घ्यायचे. शिवाय तितकेच नकलाकार आणि सुवाच्य अक्षर असलेल्या मुली. आजच्या भाषेत एक पूर्ण लॅब! त्या लॅबमधून शेकडो ग्रंथ आणि प्रवचनं बाहेर पडली. पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप डिमीट्रियस याच्याशी बिनसलं, कारण पॅलेस्टाइनमधल्या बिशपांनी त्याला परस्पर धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. मग २३०च्या दशकात तो पॅलेस्टाइनमधल्या कैसरिया या गावी कायमचा राहायला गेला.

सहा रकाने

आता माझ्या आवडीचा भाग. ख्रिस्ती लोक जुना करार ग्रीक भाषांतरात वाचायचे. त्याला सेप्टुअजिंट म्हणतात. यहुदी पंडित हिब्रू मूळ वाचायचे. दोन्हींत फरक होते, आणि सेप्टुअजिंटच्या प्रतीही एकमेकींशी जुळत नव्हत्या. ओरिजेन एका पत्रात स्पष्टच लिहितो की यहुद्यांशी वाद घालताना त्यांच्या ग्रंथात नसलेलं वाक्य आपण पुढे केलं तर आपलं हसं होईल, म्हणून हे फरक माहीत असायला हवेत.

यावर त्याने जे केलं ते आज मी संगणकावर रोज करते. त्याने 'हेक्साप्ला' तयार केलं. हेक्साप्ला म्हणजे सहापदरी. पानावर शेजारी शेजारी सहा रकाने: पहिल्यात हिब्रू, दुसऱ्यात तेच हिब्रू ग्रीक अक्षरांत, तिसऱ्यात अक्विलाचं भाषांतर, चौथ्यात सिमॅकसचं, पाचव्यात सेप्टुअजिंट आणि सहाव्यात थिओडोशनचं. एका ओळीत हिब्रूचा एखाद-दुसरा शब्द, आणि त्याच ओळीत पुढे त्या शब्दाची सगळी भाषांतरं. स्तोत्रसंहितेसाठी तर आणखी रकाने होते. त्यातली एक प्रत यरीहोजवळ रांजणात सापडली होती.

जैवमाहितीशास्त्रात आम्ही याला 'अलाइनमेंट' म्हणतो. पाच-सहा प्राण्यांचं एकच जनुक घ्यायचं, एकाखाली एक मांडायचं, आणि कुठलं अक्षर कुठे बदललं, कुठे गळलं, कुठे घुसलं हे बघायचं. आम्ही आडवं मांडतो, ओरिजेनने उभं मांडलं. एवढाच फरक.

आणखी एक गंमत. पाचव्या रकान्यात त्याने दोन खुणा वापरल्या. जे सेप्टुअजिंटमध्ये आहे पण हिब्रूत नाही, त्याला ओबेलस म्हणजे आडवी रेघ. जे हिब्रूत आहे पण सेप्टुअजिंटमध्ये नाही, ते बहुतेकदा थिओडोशनकडून घेऊन भरायचं आणि त्याला तारांकन लावायचं. या खुणा त्याच्या स्वतःच्या नाहीत. अलेक्झांड्रियाच्याच ग्रंथालयात त्याच्या आधी काही शतकं होमरच्या महाकाव्यांचा पाठ तपासताना ॲरिस्टार्कस आणि इतर पंडितांनी त्या वापरल्या होत्या. ओरिजेनने एक पद्धत एका क्षेत्रातून उचलून दुसऱ्या क्षेत्रात नेली. (मावशी, ऐकतेयस ना?)

त्याने हिब्रूत नसलेलं काही उडवलं नाही, हे महत्त्वाचं. खूण लावली आणि तसंच ठेवलं. वाचणाऱ्याने ठरवावं.

मग खुणा गळल्या

मूळ हेक्साप्ला इतकं अवाढव्य होतं की त्याची संपूर्ण नक्कल करायला फारसं कुणी धजावलं नसणार. ते कैसरियाच्या ग्रंथालयात राहिलं. जेरोमने ते तिथे पाहिलं. पुढे ते नष्ट झालं. आज हातात आहेत ते तुकडे: मिलानच्या ग्रंथालयात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोव्हान्नी मेर्काती यांना खरवडून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्राखाली सापडलेले स्तोत्रांचे भाग, कैरोच्या गेनिझातला एक तुकडा, आणि ६१६-६१७च्या सुमारास पाचव्या रकान्याचं खुणांसकट केलेलं सिरियॅक भाषांतर.

पण पाचवा रकाना स्वतंत्रपणे खूप फिरला. पॅम्फिलस आणि युसेबियस यांनी कैसरियातून त्याच्या प्रती काढल्या. नकलाकारांना मजकूर हवा होता, त्या रेघा आणि चांदण्या कशाला? हळूहळू खुणा गळल्या. उरला तो ओरिजेनने दुरुस्त केलेला मजकूर, पण कुठला शब्द जुना आणि कुठला त्याने भरलेला हे सांगणारं काही नाही. त्या प्रती इतर प्रतींत मिसळल्या. म्हणजे ज्या माणसाने फरक स्पष्ट दिसावेत म्हणून अर्धं आयुष्य घालवलं, त्याच्याच कामामुळे ओरिजेनपूर्वीचं सेप्टुअजिंट शोधणं आज अवघड होऊन बसलंय. जीवाणू एकमेकांना आडवे जनुक देतात तेव्हा वंशावळीचं झाड जसं गुंतत जातं, अगदी तसं.

याची मला स्वतःला झळ बसलीय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी काही प्रतींची अक्षरांतरं संगणकात भरत होते. समोर उघड लेखनदोष दिसले की हात शिवशिवायचे. मी ते दुरुस्त करत गेले. नोंद ठेवली नाही. वंशावळ काढली तर झाड इतकं सुबक आलं की मी स्क्रीनशॉट घरी पाठवला. गाईडनी पाहिलं, एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे प्रतीत आहे की तुझं आहे?" मला सांगता आलं नाही. पुढचे सहा आठवडे सगळ्या प्रती पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. झाड मग इतकं सुबक आलं नाही, पण ते माझ्या दुरुस्त्यांचं झाड नव्हतं.

आपल्याकडे हे शहाणपण नवं नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कुणी स्वतःची ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात तयार केली, तेव्हा न स्वीकारलेले पाठ फेकून दिले नाहीत, पानाच्या तळाला छापले. खूण ठेवली.

पण तो म्हणाला तरी काय?

ओरिजेनचा सगळ्यात धाडसी ग्रंथ 'मूलतत्त्वांविषयी'. ख्रिस्ती श्रद्धेची मांडणी एखाद्या तत्त्वज्ञानासारखी, पायापासून पद्धतशीरपणे करण्याचा हा फार आधीचा प्रयत्न. त्यात तो म्हणतो की पुत्र पित्यापासून कधीतरी एका क्षणी जन्मला असं नाही, ते जन्मणं अनादि आहे. हा विचार पुढे चौथ्या शतकातल्या त्रैक्याच्या वादात फार उपयोगी पडला. पण त्याच वेळी तो पुत्राला पित्याच्या एक पायरी खाली ठेवतो, असंही टीकाकारांना दिसलं. त्यामुळे त्या वादातल्या दोन्ही बाजूंना तो आपला वाटू शकत होता. उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. मग पहिले तीन दिवस सूर्याशिवाय 'दिवस' कसे, हे शहाण्या माणसाने शब्दशः घ्यायचं का, असा प्रश्न तो सरळ विचारतो. आत्मे देहाआधी अस्तित्वात होते, ते स्वतःच्या इच्छेने देवापासून दूर गेले, आणि शिक्षा ही सूड नसून उपचार आहे, म्हणून शेवटी सगळी सृष्टी देवाकडे परतेल, असा त्याचा कल दिसतो. वाद पेटला तो इथे.

२५०मध्ये सम्राट डेशियसने हुकूम काढला की साम्राज्यातल्या लोकांनी रोमन देवांना बळी द्यावा. दिल्याचे दाखले मिळत. असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तच्या वाळूत सापडलेत, अगदी सरकारी थाटाचे. ओरिजेन तेव्हा पासष्टीच्या आसपासचा. त्याला तुरुंगात घालून छळलं, पाय खोड्यात ताणले. तो बधला नाही. सुटला, पण २५४च्या सुमारास गेला.

रुफिनसची कात्री

त्यानंतर दीडशे वर्षांनी त्याच्या नावावर भांडण पेटलं. रुफिनस आणि जेरोम हे जुने मित्र, दोघंही ओरिजेनचे वाचक, त्यावरून कायमचे वैरी झाले. ३९८मध्ये रुफिनसने 'मूलतत्त्वांविषयी'चं लॅटिन भाषांतर केलं आणि प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगितलं की ओरिजेनच्याच इतर लेखनाशी न जुळणारे भाग पाखंड्यांनी घुसडलेले असणार, म्हणून मी ते वगळले किंवा सुधारले. चिडून जेरोमने शब्दशः भाषांतर केलं. पुढे सम्राट जस्टिनियनने ५४३मध्ये ओरिजेनविरुद्ध आदेश काढला, आणि ५५३च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या ठरावांत पाखंड्यांच्या यादीत त्याचं नाव आलं.

पुस्तक मारायला जाळावंच लागतं असं नाही. नक्कल करणं थांबवलं की ते आपोआप मरतं. 'मूलतत्त्वांविषयी'चं बहुतेक मूळ ग्रीक असंच गेलं. उरलं काय? संपूर्ण असं फक्त रुफिनसचं लॅटिन, म्हणजे वकिलाने साफ केलेलं. ग्रीकमधले काही लांब उतारे एका चाहत्यांच्या संकलनात. जेरोमच्या भाषांतराचे तुकडे एका पत्रात. आणि जस्टिनियनच्या आदेशात दिलेली वाक्यं, म्हणजे फिर्यादीने निवडलेली.

विज्ञानाच्या विद्यार्थिनीला हे चित्र ओळखीचं वाटतं. तीन-चार उपकरणं, प्रत्येकाला स्वतःचा झुकाव, आणि मूळ वस्तू गायब. अशा वेळी काय करतात? जिथे मूळ वस्तू आणि उपकरण दोन्ही हातात आहेत अशी जागा शोधतात आणि उपकरण किती चुकतं ते मोजतात. म्युनिकच्या हस्तलिखिताचं मोल इथे आहे. ३६व्या स्तोत्रावरच्या चार प्रवचनांचं ग्रीक त्यात आहे, आणि त्याच चारांचं रुफिनसकृत लॅटिन आधीपासून आहे. शेजारी ठेवून पाहिलं तर रुफिनस शब्द वाढवतो, समजावून सांगतो, पण आशय बराचसा सांभाळतो.

मग रुफिनस विश्वासू ठरला? इथे मी पाय मागे घेते. ही प्रवचनं साध्या भाविकांसमोर केलेली, वादाचे मुद्दे त्यात कमी. खोलीच्या तापमानाला बरोबर दाखवणारा तापमापक भट्टीतही बरोबर दाखवेल असं आपण गृहीत धरत नाही. रुफिनसला हात लावायचा मोह जिथे झाला असेल, तिथे तुलना करायला मूळ ग्रीक फारच थोडं आहे.

ओरिजेनला स्वतःच्या हयातीत याची चव मिळाली होती. त्याच्याशी वाद घातलेल्या एकाने त्या वादाची टिपणं बदलून फिरवली, अशी तक्रार त्याने अलेक्झांड्रियातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रात केली आहे. सैतानालाही तारण मिळेल असं मी म्हटलेलं नाही, असंही तो त्यात ठणकावतो. ते पत्र आपल्यापर्यंत कसं आलं? रुफिनस आणि जेरोम या दोघांच्या लॅटिनमधून.

विरोधकाचं पुस्तक

शेवटी एक गोष्ट, जिच्यामुळे हा माणूस मला आवडतो. १७७-१८०च्या सुमारास केल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती धर्मावर कडक टीका करणारं पुस्तक लिहिलं. सत्तरेक वर्षांनी अँब्रोजच्या आग्रहावरून ओरिजेनने त्याला आठ खंडांत उत्तर दिलं. आधी त्याने मुद्दे काढून उत्तरं द्यायचं ठरवलं होतं. काही भाग लिहून झाल्यावर त्याने पद्धत बदलली आणि केल्ससचे शब्द क्रमाने उतरवून एकेकाला उत्तर द्यायला लागला. पद्धत मध्येच बदलली हेही त्याने प्रस्तावनेत लपवलं नाही.

केल्ससचं पुस्तक हरवलं. पण त्याचा बराच मोठा भाग आज वाचता येतो, कारण त्याला खोडून काढणाऱ्याने तो नीट उतरवून ठेवला. ओरिजेनच्या वाट्याला असा विरोधक आला नाही.

तर मावशी, पुस्तकंच उरली नसतील तर माणूस काय म्हणाला हे कसं कळतं, याचं उत्तर असं आहे: मित्रांनी काय कापलं आणि शत्रूंनी काय निवडलं, दोन्ही ठाऊक असेल तर थोडंफार कळतं. आणि कुठेतरी, कुणीतरी, दुरुस्ती करताना खूण ठेवली असेल तर जास्त कळतं. माझ्या संगणकावर आता 'दुरुस्त्या' नावाची एक वेगळी फाईल आहे. प्रबंधापेक्षा ती वेगाने वाढतेय, पण गाईडनी पुन्हा एखाद्या शब्दावर बोट ठेवलं तर मला सांगता येईल, तो प्रतीतला की माझा.